लग्नाच्या फोटोंची यादी करताना आधी माणसं लिहा

डिसेंबरात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, कर्वे रोडजवळच्या एका कार्यालयात, आणि फोटोंचं सगळं माझ्याकडे आलंय. फोटोग्राफरने एक तयार यादी पाठवली, शालू हँगरला लावलेला, मेंदीचे हात, शनिवारवाड्यासमोर दोघं चालतायत वगैरे. छान आहे ते सगळं, काढूच. पण त्या यादीत आमच्या घरातलं एकही माणूस नव्हतं, म्हणून मी गुरुजींना फोन करून कुठला विधी कधी आणि कुठे ते विचारून घेतलं आणि प्रत्येक विधीपुढे नावं लिहीत गेले.

सगळ्यात आधी गौरीहर. मुलगी आत गौरीहराशी बसलेली असते तेव्हाच बाहेर मांडवात नवऱ्यामुलाचं काहीतरी चालू असतं आणि कॅमेरा हमखास तिकडे जातो. पिवळी साडी, मुंडावळ्या, समोर अन्नपूर्णा, आणि ती एकटी अक्षता वाहतेय, आख्ख्या दिवसात तिला शांतपणा मिळतो तो तेवढाच. त्यामुळे फोटोग्राफर दोन हवेतच, यात काटकसर नको, हवं तर अल्बमची पानं कमी करा.

घाणा भरतात तो घरीच, तिथे कोणी फोटोग्राफर नसतो. मुसळाला आंब्याचं पान बांधलेलं, त्यावर आई, काकू, मावशी सगळ्यांचे हिरव्या बांगड्यांचे हात एकत्र, हा फोटो मोबाइलवरही सुंदर येतो, फक्त उखळ खिडकीपाशी ठेवायचं आणि ट्यूबलाइट बंद करायची. रुखवताचंही तेच, नुसत्या टेबलाचा फोटो नको, मावशी महिनाभर ते करत बसलीये तर ती शेजारी उभी पाहिजे!

मंगलाष्टकांच्या वेळी एकाने अंतरपाटाच्या बरोबर बाजूला उभं राहायचं, म्हणजे मधे कापड आणि दोन्हीकडे दोघांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये येतात. दुसऱ्याने फक्त आईबाबा आणि मागे उभा असलेला मामा यांच्याकडे बघायचं, अंतरपाट दूर होतो तेव्हा सगळे कॅमेरे नवरानवरीवर असतात आणि आईचा चेहरा कोणीच टिपत नाही. आणि त्या पाच मिनिटांत मोबाइल घेऊन पुढे येऊ नका हे आपल्याच भाचरांना आधी सांगून ठेवायचं, ऐनवेळी फोटोग्राफरने सांगितलं की लोकांना राग येतो.

अक्षता पडल्या की अर्धं कार्यालय पंगतीकडे वळतं हे पुण्यात वेगळं सांगायला नको. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे फोटो मुहूर्ताच्या आधीच उरकायचे. आमच्या आत्याआजीला स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत, तर बहिणीलाच तिच्या खुर्चीपाशी न्यायचं ठरवलंय. ग्रुप फोटोंसाठी हाका मारायला घरातलाच एक माणूस लागतो ज्याला दोन्हीकडचे चेहरे माहीत आहेत, आमच्याकडे चुलतभाऊ आहे, तोच कानपिळीलाही हवाय म्हणून त्याला लाजाहोमाच्या वेळी कुठेही पाठवायचं नाही असं यादीत ठळक लिहिलंय.

सूनमुखाचा फोटो बहुतेक अल्बममध्ये फसलेला दिसतो. सासू आरशात सुनेचं तोंड बघते, पण फोटोत आरशाची पाठ नाहीतर फ्लॅशचा पांढरा गोळा. फोटोग्राफरने दोघींच्या मागे, खांद्यावरून आरशात बघत उभं राहायचं आणि फ्लॅश बंद. दोघींचे चेहरे आरशात एकत्र आले की मग काढायचा, गुरुजींना आधी सांगितलं तर ते क्षणभर थांबतात.

आणि एक, कार्यालय आधी बघायला जाल तेव्हा मुहूर्ताच्याच वेळेला जा. दुपारचं ऊन खिडकीतून येतं, स्टेजचे दिवे पिवळे, मधेच डेकोरेशनचा जांभळा लाइट, आणि चेहऱ्यांचा रंग काहीतरी भलताच होतो. आम्ही तो जांभळा लाइट विधी होईपर्यंत बंद ठेवायला सांगितलाय.

पाठवणीपुढे मी एकच ओळ लिहिलीये, की कॅमेरा लांब ठेवायचा, लांबची लेन्स लावा पण बाबांच्या तोंडासमोर जाऊ नका आणि परत एकदा मिठी मारा असं कोणालाही सांगू नका. फोटो नाही मिळाला तरी चालेल. फोटोग्राफर लगेच हो म्हणाला, त्यालाही मुलगी आहे.