आमची वाटचाल : मोर, अडकित्ता आणि आम्ही

सुपारी कातरायच्या अडकित्त्यावरचा मोर नुसता शोभेचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा मोर एकदा हातात घ्यावा. मान वळवलीय ती अंगठा टेकायला. तुरा मागे झुकवलाय तो तळहाताला टोचू नये म्हणून. आणि मोराचा डोळा म्हणजे खिळा, त्याच्यावर दोन्ही दांडे फिरतात. नाशिकच्या भांडी बाजारामागच्या आमच्या कारखान्यात अण्णांनी हा साचा बसवला. पोपट, घोडा, राजा-राणी मागाहून आले. पुण्याला गेले की अण्णा केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांसमोर तासन्‌तास उभे राहत.

ओतकाम अण्णांचं, पात्याचं काम चाचांचं. दोघांची भागीदारी तोंडी, कागद कधी झालाच नाही. चाचा ट्रकच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, पोलाद घेत, तेलात विझवत, मग पुन्हा मंद तापवून गवतासारखा पिवळा रंग चढला की लगेच उचलत. रंग निळ्याकडे गेला की ते पातं बाजूला. पिसाऱ्यावरच्या रेघा मात्र ते बारीक छिन्नीने स्वतःच मारायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

आधी पुड्या आल्या. कातरलेली सुपारी पाकिटात मिळायला लागली आणि पानाचे डबे माळ्यावर गेले. तरी आम्ही तग धरला. खरा घाव घातला तो एका व्यापाऱ्याने. मोठी ऑर्डर देतो म्हणून नमुने नेले, बाहेरून यंत्रावर तसाच मोर ओतून आणला आणि आमच्या निम्म्या भावात आमच्याच गिऱ्हाइकांना विकला. त्या मोराचा डोळा नुसता उठाव होता. खिळा भलतीकडेच, मानेच्या खाली. महिन्याभरात सांधा ढिला व्हायचा आणि लोक तक्रार घेऊन आमच्या दारात यायचे. आमचा नाही हे किती जणांना पटवणार? कारागीर गेले. भट्टी थंड पडली. अण्णांनी पितळेचा साठा मोडीत घातला, ते मी आजही विसरलेलो नाही. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता तुमचे दिवस आले. कुठले आले!

त्या काळात एकच माणूस टिकला, श्रीवर्धनचे एक बागायतदार. येताना पिशवीत तिकडची रोठा जातीची सुपारी आणायचे, दुकानातच कातरून बघायचे. काप कागदासारखा पातळ निघाला तरच पैसे. पाहुण्यांना, जावयांना द्यायला दरवर्षी मोरच न्यायचे आणि एका रुपयाचीही घासाघीस करत नसत. त्यांच्या आगाऊ पैशांवर भट्टी पुन्हा पेटली. पुढची वर्षं बरी गेली.

अडकित्ता घेताना मिटून उजेडासमोर धरा. पातं आणि खालच्या दांड्यात फट दिसली तर ठेवून द्या, नक्षी कितीही सुंदर असो. पितळ चिंचेने घासा, पण पात्याला चिंच लागू देऊ नका. मोराच्या डोळ्यात, म्हणजे खिळ्यावर, खोबरेल तेलाचा थेंब सोडा. आणि धारवाल्याच्या चाकावर पातं कधीही देऊ नका, तापून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो.

हळदीनंतर नवरदेवाच्या हातात द्यायला अजून अडकित्ता मागतात, त्यात राजा-राणीला मागणी जास्त. तो साचा जुना आहे, प्रत्येक नग कानशीने हातानेच साफ करावा लागतो, म्हणून लग्नाची तारीख ठरली की लगेच कळवा. आदल्या आठवड्यात आलात तर मोरच मिळेल.