आज ‘लुक बॅक’ पाहिला

बरेच दिवस यादीत होता, आज सुट्टी साधून बघूनच टाकला. २०२४ चा जपानी ॲनिमेशनपट, जेमतेम ५८ मिनिटांचा. तात्सुकी फुजिमोतोच्या मांगावरून (म्हणजे जपानी चित्रकथेवरून) कियोताका ओशियामाने केलेला.

फुजिनो शाळेच्या वार्तापत्रात चार चौकटींची चित्रकथा काढते, वर्गभर कौतुक होतं. मग शाळेत कधी न येणाऱ्या क्योमोतोची चित्रं शेजारी छापून येतात आणि हिच्या पायाखालची जमीन सरकते. पुढे तीच क्योमोतो धावत बाहेर येऊन हिला ‘सेन्सेई’ (म्हणजे गुरू) म्हणते, सही मागते. फुजिनो तिच्यासमोर अगदी ताठ. पण वळून एकटी घरी निघाल्यावर, भर पावसात, चिखल उडवत, हात कसेही फेकत उड्या मारायला लागते! एक शब्द नाही. एवढाच तुकडा मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितला. ओशियामाने बरीच रेखाटनं स्वतः केली आहेत आणि पेन्सिलीचा खडबडीतपणा पडद्यावर तसाच ठेवलाय. तो आनंद खरा वाटतो तो त्या रेषांमुळेच.

‘फ्रीरेन’ ही जपानी ॲनिमेशन मालिकाही मला अशाच शब्दांविना बोलणाऱ्या क्षणांसाठी आवडते. राक्षसराजाचा पाडाव आधीच झालेला, आणि गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. जुना सोबती हिमेल याच्या अंत्यविधीला नायिका फ्रीरेन रडते तेव्हा घाई कुठेच नाही. नुसत्या मारामाऱ्यांच्या मालिका हल्ली मला अर्ध्यात सोडाव्या लागतात.

चित्रं काढायची सवय होती आणि सुटली, अशा सगळ्यांनी ‘लुक बॅक’ आधी बघा. शेवटची नावं संपेपर्यंत उठू नका.