उन्हावर ढकललेली चक्कर

सोलापुरात एप्रिल महिन्यात कोणाला चक्कर आली, तर घरातले सगळे आधी उन्हालाच दोष देतात. गेल्या वर्षी आमच्या घरीही तेच झाले आणि त्यात मोलाचे दोन दिवस गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे आप्पा ३५ वर्षे यंत्रमागावर कामाला होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश पूर्ण अडल्यामुळे मार्चच्या अखेरीस त्यांना पेसमेकर (हृदयाचे ठोके ठरावीक आकड्याखाली जाऊ न देणारे यंत्र) बसवावा लागला. डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली त्वचेच्या आत ते छोटे यंत्र असते आणि तेथून निघालेल्या तारा शिरेवाटे हृदयात पोहोचलेल्या असतात. या तारांची टोके आतल्या भिंतीत पक्की रुजायला काही आठवडे लागतात. म्हणूनच डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका आणि जड वस्तू उचलू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरीही तिसऱ्या आठवड्यात आप्पांनी माळ्यावरचे चादरींचे गाठोडे दोन्ही हातांनी खाली काढले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना उचकी लागली. जेवणात शेंगाचटणी होती, त्यामुळे आईने पाणी आणि साखर दिली. उचकी थांबेना, पण तिची कोणाला काळजी वाटली नाही. त्यानंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा ऊन बाधले असे ठरवून आम्ही त्यांना कांद्याचा रस आणि ताक देत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मनगटावर नाडी धरली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली. ठोके ४२ भरले. त्यांचे यंत्र किमान ६० ठोक्यांवर लावलेले होते, म्हणून मी पुन्हा मोजले; आकडा जवळपास तोच आला. रुग्णालयात एक्स-रे काढल्यावर तारेचे टोक जागेवरून सरकल्याचे दिसले. ती पुन्हा बसवल्यावर उचकीही थांबली, कारण सरकलेल्या तारेतून विजेचा झटका श्वासपटलाला किंवा त्याच्या नसेला बसू शकतो, हे आम्हाला तेव्हा समजले.

त्यामुळे पेसमेकर असलेल्या प्रत्येक घराला माझी कळकळीची विनंती आहे की, आपले यंत्र कमीत कमी किती ठोक्यांवर लावले आहे, हा आकडा डॉक्टरांना विचारून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा. नाडी त्याहून जास्त असणे बहुतेक वेळा स्वाभाविक असते. मात्र शांत बसून पूर्ण मिनिट मोजल्यावरही ती त्याखाली येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर नाडी मोजत न बसता १०८ वर फोन करावा.

जखमेबाबतही आपण असेच फसतो. पहिल्या काही दिवसांत थोडे काळेनिळे दिसणे आणि दुखणे अपेक्षित असते, पण लाली पसरणे, जागा गरम लागणे, सूज वाढत जाणे, पाणी किंवा पू येणे, ताप येणे ही संसर्गाची लक्षणे असू शकतात आणि ती काही महिन्यांनीही दिसू शकतात. अशा वेळी हळदीचा लेप लावू नये, आणि मेडिकलमधून परस्पर प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाणे तर त्याहून घातक, कारण त्याने ताप दबतो आणि आतला संसर्ग तसाच राहतो. त्या बाजूचा हात सुजला, तर झोपेत दबला असेल असे म्हणून सोडून देऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायची आप्पांची सवय मात्र सहज सुटली. फोन यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा, हे त्यांनी लगेच मान्य केले. आता त्या खिशात पेसमेकरचे ओळखपत्र असते आणि त्याच्या मागच्या कागदावर मी ठळक अक्षरांत ६० हा आकडा लिहिला आहे.