बटण दाबा, बातमी तयार

आज पुण्यात नवी पेठेत पत्रकारांसाठीच्या एका ॲपचं प्रात्यक्षिक पाहिलं. प्रेसनोट टाका, बटण दाबा. बातमी, मथळा, रील सगळं तयार. पोरं खूश. टाळ्या मीही वाजवल्या, चहा चांगला होता.

मग कुणीतरी खडकवासला धरणाच्या विसर्गाची जुनी प्रेसनोट टाकली. ॲपने क्युसेक आणि टीएमसी दोन्ही 'अवघड' म्हणून उडवले आणि लिहिलं, 'धरणातून मोठ्या प्रमाणात पाणी सोडले.' अहो, मोठ्या म्हणजे किती? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. तो वेग झाला. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, तो साठा. साडेअकरा हजार क्युसेकने २४ तास पाणी सुटलं की जवळपास एक टीएमसी जातं, आणि खडकवासल्याचा उपयुक्त साठाच जेमतेम दोन टीएमसी! वरून पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी आलं की मुठा नदीत का सोडावं लागतं, ते या आकड्यांतूनच कळतं. नदीपात्रात गाडी लावणाऱ्याला आकडा हवा असतो, विशेषण नाही.

तंत्रज्ञानाचं मला वावडं नाही. एक्सेलमध्ये महापालिकेचं अंदाजपत्रक नीट लावता आलं तर महिनाभराच्या बातम्या निघतात. पण ते शिकवायला वेळ लागतो ना!

शेवटी एका मुलीने विचारलं, "माहिती अधिकारात आलेली स्कॅन पीडीएफ तक्त्यात कशी आणायची?"

"मॅडम, ते पुढच्या व्हर्जनमध्ये," ॲपवाले म्हणाले, आणि रीलचे टेम्प्लेट दाखवायला लागले.