हापूसचा मेल स्पॅममध्ये का पडतो

मार्च लागला की देवगडात दोन गोष्टींची ओरड सुरू होते. एक, यंदा फळ कमी आहे. दोन, गिऱ्हाइकाला मेल पोचत नाही. पहिलीवर माझ्याकडे उपाय नाही. दुसरीचं काम मात्र आमच्या बागेबरोबर शेजारपाजारच्या बागायतदारांचंही माझ्याच गळ्यात पडलंय, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला, असं विचारणाऱ्यांनी मुंबईतल्या एखाद्या मोठ्या ऑफिसच्या खरेदी विभागाशी पेट्यांचा व्यवहार करून बघावा. दरपत्रक, बिल, पावती, सगळं मेलवर मागतात. ते स्पॅममध्ये पडलं तर समोरचा वाट बघत बसत नाही, दुसरीकडून आंबा उचलतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

सगळ्यांचा पहिला संशय शब्दांवर. 'ऑफर' लिहू नको, 'फुकट' लिहू नको, उद्गारचिन्हं काढ. 2002 च्या सुमारास मेलमधले शब्द मोजून स्पॅम ओळखायची पद्धत रूढ झाली, तेव्हाचं हे शहाणपण अजून फिरतंय. मजकूर आजही बघितला जातोच. पण पाठवणारा खरंच तोच आहे का आणि तो आजवर वागलाय कसा, याला जास्त वजन असतं.

आता आमच्या धंद्याचं वागणं बघा. जून ते फेब्रुवारी एकही मेल नाही. मग पाडव्याच्या तोंडावर एका सकाळी हजारभर लोकांना एकसारखा मजकूर: 'मोजक्याच पेट्या, आजच बुक करा', आणि खाली पैसे भरायची लिंक. कधी काळचे जमवलेले पत्ते, त्यातले निम्मे बंद. स्पॅमवाला याहून वेगळं काय करतो? त्यात कोणी मार्चमध्येच नवं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव, घेऊन त्याच आठवड्यात सगळ्यांना मेल सोडत असेल, तर गूगलला दोष देण्यात अर्थ नाही.

आधी कागदपत्रं. कर्नाटकातला आंबा 'देवगड हापूस' छापलेल्या खोक्यात भरून विकतात, हे आपल्याला नवं नाही. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोका कोणीही छापू शकतो. मेलवरचं पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे तो छापील खोका. आत माल कुठला, हे तपासायला तीन नोंदी लागतात आणि त्या तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या उघड्या नोंदवहीत, करायच्या असतात. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. ती खरी की खोटी हे ताडून बघायची किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली असते. आणि डीमार्क सांगतो, की या तपासणीत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं: जाऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा, की परतच लावायचा.

फेब्रुवारी 2024 पासून गूगलने हे सक्तीचं केलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला तिन्ही लागतात. आपण त्यात बसत नाही, पण एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी लहानांनाही हवंच. मी म्हणेन तिन्ही करून टाका, खर्च काही नाही.

आमच्या पलीकडच्या बागेतल्या अण्णांकडे हे सगळं होतं. तरी फोन यायचा, "मी सगळा केलंय रे, मग मेल जाता खंय?" त्यांच्या मेलची एक प्रत माझ्या जीमेलवर मागवली. कॉम्प्युटरवर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत 'मूळ संदेश दाखवा' म्हटलं की वरच तिन्हींचे निकाल दिसतात. एसपीएफसमोर पासही नव्हतं आणि नापासही नव्हतं, नोंदच चुकीची असल्याचा शेरा होता. डीएनएस उघडला तर एसपीएफच्या नोंदी दोन! एक वेबसाइट करून देणाऱ्याने टाकलेली, दुसरी मेल पाठवायच्या सेवेच्या सूचनेप्रमाणे नंतर घातलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन सापडल्या की तपासणारा दोन्ही बाजूला ठेवतो. त्या एका ओळीत जोडल्या आणि काम झालं.

दुसरी अडचण जरा आडवळणाची आहे. बाहेरच्या सेवेतून मेल पाठवला की एसपीएफ पास दिसतो, पण तो त्या सेवेच्या डोमेनसाठी. वर दिसणारं नाव आपलं, पास झालेलं डोमेन त्यांचं. हे जुळत नाही म्हणून डीमार्क नापास. त्यामुळे त्या सेवेत आपल्या डोमेनची डीकेआयएम सही चालू करून घ्यायची. 'डोमेन प्रमाणित करा' असलं काहीतरी बटण तिथे असतं आणि लोक 'नंतर बघू' म्हणून पुढे जातात. आणि साध्या जीमेलच्या पत्त्यावरून बाहेरच्या सेवेने घाऊक मेल पाठवू नका. ते डोमेन गूगलचं, त्याची सही तुम्हाला कुठून मिळणार?

कागदं जुळली तरी वागणूक उरतेच. गूगलचं म्हणणं, की 'स्पॅम' बटण दाबणारे 0.3 टक्क्यांच्या खाली हवेत, शक्यतो 0.1 च्याही. म्हणजे हजारांत तिघांनी दाबलं तरी आपण काठावर. म्हणून मेल बंद करायची लिंक ठळक द्या. आमच्याकडे ही लिंक द्यायला बागायतदारांचा जीव जातो, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. अहो, ज्याला नको आहे तो तुटलेलाच आहे. त्याला दार सापडलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबून जाणार, आणि त्याचा भुर्दंड बाकीच्या गिऱ्हाइकांच्या मेलला.

यादीही साफ करा. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल आता बंद करतं; अशा पत्त्यांवरचे मेल परत आले की ते पत्ते लगेच काढायचे. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेले पत्तेही काढायचे. विकतची यादी घेऊच नका, मग ती कोणी कितीही स्वस्तात देवो.

पण खरा फरक मला दिसला तो हंगामाबाहेरच्या मेलने. डिसेंबरात मोहोर फुटला की चार ओळी आणि एक फोटो. जानेवारीत थंडी टिकली का, तुडतुड्याची कीड किती, अवकाळीने काय केलं. विकायचं काही नाही, लिंकही नाही. पहिल्यांदा नेहमीच्या गिऱ्हाइकांना, मग थोडे थोडे करत बाकीच्यांना. पुण्यातल्या एका आजींनी तर साक्याबद्दल मोठं उत्तर लिहिलं: गेल्या वर्षी दोन फळं कापल्यावर आत पांढरी निघाली होती, यंदा बघून पाठवा. तक्रारच होती, पण उत्तर आलं की फिल्टरच्या लेखी आपण ओळखीचे होतो. मार्चचा मेल अशा लोकांकडे सहसा बिनबोभाट पोचतो.

गिऱ्हाइकांनो, तुमच्याकडूनही थोडं हवंय. पैसे भरले आणि पावती दिसली नाही तर आधी स्पॅम उघडा. जीमेल तिथलं 30 दिवसांनी पुसून टाकतं. सापडला तर 'स्पॅम नाही' दाबा आणि पत्ता संपर्कात घाला. जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात पडला असेल तर तो स्पॅम नाही, निवांत वाचा. आणि मेल वाचून झाल्यावर रात्री साडेदहाला फोन करून "पोचला हो मेल" असं सांगितलं नाहीत तरी चालेल.