पट्टे गेले, पंखा राहिला

ट्यूबच्या उजेडात व्हिडिओवर उमटणारे पट्टे गेले! गिरगावच्या खोलीत, जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली, आत्याने कढल्यात मोहरी टाकली, ती तडतडत उडताना सेकंदाला शंभर फ्रेमने टिपली, आणि क्लिपमध्ये एकही काळा पट्टा वर चढला नाही. लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट मुद्दाम फाटेस्तोवर ताणून पाहिला. भिंत सलग. आत्याला घेऊन करायच्या छोट्या फिल्मसाठी कॅमेरा शोधताना या पट्ट्यांनी छळलं होतं; मागच्या नोंदीतला तो वैताग वाचून ज्यांना माझी काळजी वाटली होती, त्यांनी निवांत व्हावं, निदान पुढच्या काही परिच्छेदांपुरतं.

कॅमेऱ्यांची यादी जुन्या वाचकांना पाठ असेल: सोनीचा झेडव्ही-१, पॅनासॉनिकचा एलएक्स१००, कॅननचा जी७एक्स मार्क ३ आणि ऐनवेळी घुसलेला डीजेआय ऑस्मो पॉकेट ३. मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि लेन्सांचा संसार मांडायचा नाही, हे आधीच ठरलंय. खिशात मावेल असा एकच डबा, आणि त्यावर बारा-पंधरा मिनिटांची फिल्म. सेन्सर, एफ-नंबर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढा उजेड जास्त), माइकचं सॉकेट यांचे गुण मांडून झाले होते. पण निकाल लागला तो भलत्याच गोष्टीवर: आत्याच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर.

टेस्टसाठी भावोजींचा झेडव्ही-१ मिळाला होता, न्यू जर्सीत घेतलेला. त्याच्या मेनूत २४, ३०, ६०, १२० एवढेच फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम). २५, ५०, १०० नाहीतच. एनटीएससी (३०-६० फ्रेमची) आणि पाल (२५-५० फ्रेमची) या व्हिडिओ पद्धतींमध्ये अदलाबदल करायचा पर्याय सोनी फक्त ‘१०८० ५०आय’ गटातल्या (५० हर्ट्‌झच्या देशांसाठीच्या) बॉड्यांना, म्हणजे कॅमेऱ्यांना, देते. अमेरिका-जपानच्या बॉड्या ६०आय गटातल्या, आपल्याकडच्या ५०आय. बाहेरून डबा तोच, नाव तेच, लेन्स तीच.

हे इतकं का नडावं? आपली वीज ५० हर्ट्‌झची. चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी अर्ध्या आवर्तनाला एकदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला पत्ता लागत नाही. सेन्सर मात्र फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे त्याला बरोबर कळतं. शटर (ओळ उजेड गोळा करते तो वेळ, सेकंदात) १/५० असलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला नेमके दोन उजाळे येतात, १/१०० असलं की एक. सगळ्या ओळी सारख्या. १/६० ठेवा, वाटणी बिघडते, काही ओळी उपाशी राहतात आणि पट्टा उमटतो. गंमत म्हणजे २५ फ्रेमला तो पट्टा जवळजवळ जागेवर उभा राहतो, कारण १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो. ग्रिडची वारंवारता किंचित इकडेतिकडे होते तेवढाच तो सरपटतो. २४ ला भाग जात नाही, म्हणून तिथे पट्टे सेकंदाला साधारण चारदा चढतात. पट्टा कसा हलतो यावरून फ्रेमरेट ओळखायचा खेळ भाच्याला एवढा आवडलाय की आता तो लोकांच्या रील्स बघून तेच करतो.

साध्या शॉटला अमेरिकन बॉडीही चालते. २४ फ्रेम, शटर हाताने १/५०, विषय संपला. घोडं अडलं ते फोडणीवर. तो शॉट स्लो मोशनमध्येच हवा, फिल्म त्याच्यावरच उभी आहे. १२० फ्रेमला शटर १/१२५ पेक्षा संथ होऊच शकत नाही, एका फ्रेमला तेवढाच वेळ मिळतो. आणि १/१२५ म्हणजे एक उजाळासुद्धा पुरा नाही. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, एडिटिंगमधले डीफ्लिकर (लुकलुक पुसणारे) प्लगइन मोहरीचे दाणेच पुसून टाकतात. १०० फ्रेमला १/१०० मात्र चपखल बसतं. म्हणजे ५०आय गटाचीच बॉडी हवी.

मग कॅमेरा बघायला फोर्टात, बोरा बाजार. स्वतःचं कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊनच जावं, दुकानातली बॅटरी नेहमी ‘आत्ताच संपली’ असते. पहिल्या दुकानात जो पीस पुढे आला त्याचा मेनू अख्खा जपानी. ‘मॅडम, जपान का माल है, एकदम मख्खन.’ लोण्याबद्दल तक्रार नाही, पण जपानी बाजारातल्या या बॉडीत भाषाही बदलत नाही आणि फ्रेमरेटही. दुसरीकडे सेकंडहँड, बॉक्स आणि बिलासकट पीस निघाला. चालू केला तर पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: ‘रनिंग ऑन एनटीएससी’. दुकानदार ओशाळला, काहीतरी बिघाड दिसतोय म्हणून बंद करायला लागला. मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. ही ओळ फक्त ५०आय बॉडीला एनटीएससीवर ठेवलं तरच येते! सिलेक्टर पालवर टाकला, कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगितलं ते केलं, आणि मेनूत २५, ५०, १०० ओळीने हजर. त्या ‘बिघाडा’पायी किंमतही थोडी उतरली, आणि मी काही समजावत बसले नाही.

सेकंडहँड कॉम्पॅक्ट बघताना माझा क्रम असा: झूम पूर्ण बाहेर-आत करताना कुरकुर ऐकायची, एफ/११ वर पांढऱ्या कागदाचा फोटो काढून धुळीचे ठिपके बघायचे, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये बुरशीची जाळी शोधायची. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याला बुरशी धरतेच, आणि या डब्यांची लेन्स निघत नसल्याने सफाई म्हणजे अख्खा डबा खोलणं. आतला एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळसर काच) चालू-बंद करताना उजेड खरंच तीन स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा होऊन, पडतो का, तेही पाहायचं. शेवटी दुकानातल्या ट्यूबवर १/६० आणि १/५० ला पट्टे बघायचे.

बाकीच्यांचं थोडक्यात. एलएक्स१०० वर माझं मन अजून आहे. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर, एफ/१.७ ची लेन्स, अॅपर्चर (तेच छिद्र) फिरवायची खरीखुरी रिंग, आणि पुढे ४३ मिलिमीटरचे आटे, म्हणजे कुठलाही एनडी स्क्रू करता येतो. पण माइकचं सॉकेट नाही. जी७एक्स मार्क ३ ला सॉकेट आहे, झूमही लांब, पण व्हिडिओत फोकस पुढेमागे चाचपडत बसतो आणि आमच्याकडे फोकस ओढणारा माणूस नाही. पॉकेट ३ चालत्या शॉटला राजा, एफ/२ वर कायमचा खिळलेला. चाळीच्या जिन्यातल्या शॉटसाठी तो एक दिवस भाड्याने आणेन. झेडव्ही-१ ची एकच गोष्ट डोक्यात जाते: ट्रायपॉडची प्लेट लावली की बॅटरीचं झाकण उघडत नाही. एवढीशी बॅटरी, आणि तिच्या दारात खुर्ची टाकून बसल्यासारखी प्लेट. सध्या यूएसबीने पॉवरबँकवर चालवतेय.

तर ट्यूब सुटली. मग मी हावरटपणे आत्याच्या चेहऱ्यावर एलईडी पॅनल लावलं, आणि पुन्हा पट्टे. पण वेगळे: बारीक, दाट, जागच्या जागी लुकलुकणारे. ट्यूबचे रुंद असतात, फ्रेममध्ये दोन-तीनच. हे घरच्या विजेचे नव्हेत, पॅनलच्या डिमरचे. स्वस्त डिमर उजेड कमी करत नाही, दिवा भराभर चालू-बंद करतो, तोही स्वतःच्या वेगळ्याच तालावर. त्याला १/५० शी देणंघेणं नाही. पॅनल पूर्ण ब्राइटनेसवर नेलं की पट्टे गायब. तेव्हा उजेड कमी करायचा तो डिमरने नव्हे: दिवा लांब न्या, पुढे बटर पेपर लावा, नाहीतर थर्माकोलवर मारून परत आणा. जुने लाइटमन पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.

बल्बसाठी लोहार चाळीत गेले. काउंटरवर पहिला प्रश्न, ‘डीओबी की ड्रायव्हरवाला?’ डीओबी म्हणजे ड्रायव्हर त्या एलईडीच्या पत्र्यावरच बसवलेला, स्वस्त, आणि बहुतेक वेळा १०० हर्ट्‌झने लुकलुकणारा. वेगळा ड्रायव्हर असलेला चार पैसे महाग, उजेड सलग. दोन्ही होल्डरला लावून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघितले. डीओबी नाचत होता, दुसरा शांत. काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्या फोनवर बघितलं, मग शेजारच्या दुकानातले दोघे बघायला आले. या टेस्टला पैसे पडत नाहीत, कुठलाही दिवा घेण्याआधी करा.

आता उरलेलं भूत. ट्यूब साफ, पॅनल साफ, तरी एका टेकमध्ये अख्खी फ्रेम धडधडत होती. पट्टे नाहीत, सगळा उजेडच कमी-जास्त. शटर बदलून फरक नाही. फ्रेमरेट बदलला तर धडधडीचा वेग बदलला, नाहीशी झाली नाही. पॅनल काढून टाकलं, तरी तेच. तेवढ्यात आत्याने रेग्युलेटर तीनवरून पाचवर नेला, आणि मॉनिटरवर धडधड वाढली. छताचा पंखा! ट्यूब भिंतीवर पंख्याच्याही वर ठोकलेली आहे. पाती उजेड कापतात. तीन पाती, मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे धरले तर सेकंदाला पंधरा वेळा सावली फिरते. एरवी लक्षात येत नाही, पण ऑइलपेंटची चकचकीत भिंत मागे असली की सगळं परततं.

पंखा बंद केला की उजेडही स्थिर आणि आवाजही स्वच्छ, दोन्ही कामं एका बटणात. कॉलरमाइकवर पंख्याची घरघर तशीही नकोच होती. पण आत्याने हात वर केले. ‘अगं, गॅस चालू, दिवे चालू, खिडकी तुम्ही काळ्या कापडाने बंद केलेली. पंखा बंद केलास तर मी संवाद म्हणणार नाही, तुझा कॅमेराच त्या कढल्यात टाकीन.’ पावडर लावून उपयोग नाही, दुसऱ्या टेकला घाम नाकावर. टेबलफॅन आणला तर गॅसची ज्योत हलते.

ट्यूब खाली घ्यावी तर भिंतीला भोकं पाडावी लागतील, आणि घरमालकाशी आधीच ताणलेलं आहे. स्टँडवर एलईडी पट्टी, पंख्याच्या पातळीखाली, असा विचार होता. त्यासाठी इथे स्टँडची उंची लिहायला घेतली होती, पण लिहितालिहिता दुसरंच सुचतंय. सीनमध्ये फ्यूज उडाला तर?

बघा. फोडणी पडते, दिवा जातो, पंखा आपोआप थांबतो. पुढचा सगळा संवाद समईच्या उजेडात. पट्टे नाहीत, धडधड नाही, घरघर नाही, आणि पंखा का बंद हे कोणी विचारणार नाही. शिवाय अंधारात फक्त मोहरी तडतडल्याचा आवाज! संवादातली एक ओळ बदलावी लागेल, बस्स. दोन टेकच्या मध्ये पंखा लावून आत्याला वारा.

उजेडाचा हिशोब लगेच केला. एक ज्योत साधारण एक कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक), चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर म्हणजे चेहऱ्यावर ११ लक्सच्या आसपास. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ/१.८, १/५० ला तेवढ्यात चेहरा जेमतेम निघतो. समईला पाच वाती लावल्या तर आयएसओ ८०० पर्यंतही उतरता येईल. पण झेडव्ही-१ ला एफ/१.८ मिळतो तो २४ मिलिमीटरवर, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्यावर. ७० ला झूम केलं की एफ/२.८, सव्वा स्टॉप गेला. आणि २४ वर क्लोजअप घ्यायचा म्हणजे आत्याचं नाक चेहऱ्याच्या पुढे चालणार. तेव्हा क्लोजअप ७० वरच, आणि कमी पडेल तो उजेड डब्यांच्या मागे लपवलेल्या पाच व्होल्टच्या वॉर्म पट्टीतून. ती पॉवरबँकवर चालते, डीसी, म्हणजे न लुकलुकणारा उजेड, डिमर लावायचा नाही, वर बटर पेपर. ज्योतीची थरथर हवी असेल तर पट्टीसमोर हाताची बोटं हळूच हलवायची, हे काम भाच्याकडे.

गच्चीवरचा दुपारचा शॉट अजून टांगलेलाच आहे. भर उन्हात आयएसओ १२५ आणि १/५० ठेवलं तर उजेड एफ/२५ मागतो. आतला एनडी तीन स्टॉप खाऊन एफ/९ पर्यंत आणतो. जळत नाही, पण मागची सगळी वाळवणं, टाक्या, केबली खडखडीत फोकसमध्ये. एफ/२.८ साठी अजून तीन-साडेतीन स्टॉप हवेत, आणि या लेन्सला पुढे आटे नाहीत. चिकटवायची अॅडॅप्टर रिंग मिळते, पण लेन्स बाहेर येताना तिचं वजन मोटरवर. माझा कल गच्चीचा शॉट संध्याकाळी सहानंतर ढकलण्याकडे आहे. एका मैत्रिणीकडे एलएक्स१०० पडून आहे, तिने बुरशीची तपासणी करून कळवलं तर ४३ चा एनडी घेऊन तो एक शॉट त्याच्यावर. दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवायची डोकेदुखी असेल, पण तिथे संवाद नाही, म्हणजे माइकचा प्रश्नच येत नाही.

आधी समई. पितळी, पाच वातींची, आत्याच्या देव्हाऱ्यातली द्यायला ती तयार नाही. ‘शूटिंगला देवाची समई नाही.’ तेव्हा येत्या रविवारी भुलेश्वरला भांड्यांच्या गल्लीत, आणि परतीच्या वाटेवर लोहार चाळीतून पट्टी.