बुबुळाभोवतीचे कडे

गेल्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला पाठवताना सुनेने मोबाइलवर माझा चेहरा टिपला आणि म्हणाली, "बाबा, तुमचे डोळे घारे कधी झाले?" आरशात पाहिले, तर दोन्ही काळ्या बुबुळांच्या काठाने राखाडी-निळसर कडे उमटले होते, वर आणि खाली दाट, बाजूंना पुसट. माझे वय 67. फोंड्याच्या बाजारात भेटलेल्या दोघा स्नेह्यांनी मोतीबिंदूचा निकाल जागेवरच देऊन टाकला; त्यांतल्या एकाने मध घालायलाही सांगितले, जे मी सुदैवाने केले नाही.

पणजीतल्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी हनुवटी टेकवायला लावून स्लिट लॅम्पच्या प्रकाशात डोळे न्याहाळले. मोतीबिंदू बाहुलीमागच्या भिंगात होतो, हे कडे मात्र समोरच्या पारदर्शक पटलाच्या काठावर साचलेल्या चरबीचे आहे आणि ते व पांढरे बुबुळ यांच्यामध्ये एक बारीक स्वच्छ फट राहते, हे त्यांनी कागदावर वर्तुळे काढून समजावले. पटलाचा मधला भाग मोकळा राहत असल्याने दृष्टीला बाध येत नाही. म्हणून औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि कडे पुसलेही जात नाही. नाकाच्या बाजूला किंचित मांस वाढलेले त्यांना दिसले, ते खाडीकाठच्या खाजण जमिनींची मोजणी करताना उन्हात घालवलेल्या वर्षांचे असावे. मला त्याचेच अधिक वाईट वाटले, कारण त्या काळी गॉगल लावणे आम्हाला नखरा वाटे. पडदा तपासण्यासाठी घातलेल्या थेंबांनी बाहुल्या इतक्या विस्फारल्या, की कदंबच्या बसवरची पाटी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागली.

उठण्यापूर्वी बाईंनी मुलाचे वय विचारले. माझ्या वयात हे कडे सर्रास आढळते. पण चाळिशीच्या आत दिसले तर कोलेस्टेरॉल तपासावेच लागते, कारण ते वाढण्याचा दोष घराण्यात उतरतो, आणि एकाच डोळ्यात दिसले तर मानेतल्या रक्तवाहिनीकडे लक्ष द्यावे लागते, असे त्या म्हणाल्या. मुलगा 38 वर्षांचा आहे. त्या रात्री ट्यूबलाइटखाली त्याच्या पापण्या वर करून मी दोन्ही डोळे पाहिले, कडे नव्हते. तरीही माझ्यासोबत त्यालाही रक्ततपासणीला नेले, आणि बारा तासांच्या उपाशीपोटी आम्ही दोघे पायरीवर बसलेलो असताना पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत गरम उंडे घेऊन दारावरून गेला.